शेवटचा कोण?

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
२८ सप्टेंबर

अवधूत भावजी,

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही ह्यांच्याहून चार महिन्यांनी लहान, आणि प्रिय लिहावं तर दोन वर्षांत तुमचा एक फोन नाही. म्हणून नुसतंच भावजी. नमस्कार मात्र आहे, तो मी मोडलेला नाही.

इकडे सगळं ठीक. शंतनू आणि सूनबाई रुचा आपापल्या ऑफिसात, थंडी दाराशी आलेली. समोरच्या शरयू वहिनी सहा महिने लेकीकडे राहून परवा पुण्याला निघाल्यात. बॅगेत थोडी जागा आहे म्हणाल्या. अशा वेळी लोक बदाम आणि चॉकलेटं पाठवतात, मी पत्र पाठवतेय. तुमचा फोन माझा नंबर ओळखून गप्प बसतो, त्यामुळे दुसरा इलाज नाही. शरयू वहिनी तुमच्या हातातच देतील. त्या दारातून हलणाऱ्या बाई नाहीत.

कारण असं की, इथून तासाभरावर टेकड्यांच्या उतारावर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी घोड्यांची हर्डल्सची मोठी रेस असते. तीन मैल. पुण्याच्या रेसकोर्सवर तुम्ही दोघांनी जन्मभर सपाट पळणारे घोडे पाहिलेत. अडथळ्यांची रेस फक्त रेडिओवर, तीही अर्धी खरखर आणि अर्धी तुम्ही मनाने भरलेली. एकदा तरी डोळ्यांनी पाहायची असं ठरवलं होतंत ना? शंतनूने तिकिटं काढली आहेत. तेव्हा यंदाचे घोडे तुम्हाला कळवायलाच हवेत.

पहिला ब्रास बटन. तांबूस, रुंद छातीचा, सगळ्यांचा लाडका. सुरुवातीपासून पुढे. हे म्हणतात, हा पहिल्याच पंगतीत बसून घेणाऱ्यातला आहे, सगळा दम आधीच संपवतो. जमीन कोरडी असली तर जिंकेल. पाऊस पडून चिखल झाला तर त्याचं काही खरं नाही.

क्वायट टेनंट नावाचा दुसरा आहे, काळा. कुणाच्या अध्यात ना मध्यात, गुपचूप घोळक्यात राहतो. उडी देखणी, पण हर्डलच्या फार आधी झेप घेतो. शेवटचं हर्डल उतारावर आहे, तिथे त्याच्या अंगाशी येणार.

मिसेस हार्लो ही घोडी. गेल्या महिन्यात तिसऱ्या हर्डलपाशी जी थांबली ती थांबलीच, जॉकीने काय काय केलं तरी ढिम्म. ह्यांना ती बिनकामाची वाटते. मला आवडली.

आणि सेकंड हेल्पिंग. पांढुरका, घोड्यांच्या मानाने चांगलाच म्हातारा. यंदा एकही रेस जिंकलेला नाही, पण आयुष्यात कधी पडलेलाही नाही. प्रत्येक हर्डलपाशी भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखा जरासा अडखळतो आणि मग पलीकडे जातो. शेवटचा तोच येणार.

तुमचा तो नियम मी इथल्या मराठी बायकांना सांगितला तर त्या हसतच सुटल्या. पहिला कोण हे गल्लीतलं पोरही सांगेल, शेवटचा कोण ते सांगा! पडलेला धरायचा नाही, मधूनच परत फिरवलेला धरायचा नाही, सगळं अंतर पळून जो शेवटी येईल तो. हरेल त्याने दुसऱ्याची स्कूटर पुसायची. आणि अंदाजच सांगितला नाही तर तो आपोआप हरला. एकदा मी तुमच्याबरोबर आले होते. रेस संपून लोक गेले, आणि तुम्ही दोघं त्या रिकाम्या स्टँडमध्ये उभे राहून कुठल्याशा रखडलेल्या घोड्यासाठी टाळ्या वाजवताय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. रेसच्या आधी ह्यांच्या पाठीत गुद्दा घालून तुम्ही विचारायचात, "पल्या, शेवटचा कोण?" त्या गुद्द्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

इथवर लिहून मी पेन ठेवलं आणि चहा करून आले. आता खरं लिहिते.

भावजी, हे काही म्हणत नाहीत. वर जे 'हे म्हणतात' लिहिलंय ते मी म्हणते आहे. फेब्रुवारीत ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. चेहरा तसाच आहे, भूक आहे, माझ्यावर रागावतातसुद्धा. पण शब्द नाही. एकही नाही. शंतनू तुम्हाला कळवू म्हणत होता, मीच नको म्हटलं. फोन न उचलणाऱ्या माणसाला असली बातमी कशी द्यायची ते मला सुचलं नाही.

बोलायला शिकवणारी एक गोरी मुलगी येते. फार गोड आहे. ती ह्यांच्यापुढे चित्रांची कार्डं धरते आणि म्हणते, "ॲपल. चेअर. कॅन यू से चेअर, मिस्टर प्रल्हाद?" हे भिंतीकडे बघतात. बघतील नाही तर काय! जन्मात कधी खुर्चीला चेअर म्हटलं नाही ह्यांनी. मुलीने डॉक्टरांच्या कागदावर 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं. मी रुचाला म्हटलं, मला त्या रेसमधल्या घोड्यांचे फोटो छापून आण. ते एकेक करून समोर धरले. ब्रास बटनवरून नजर सरकली. क्वायट टेनंटवरूनही सरकली. त्या पांढुरक्यावर थांबली, आणि ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले. तेव्हापासून दुपारभर मी त्यांना घोडे वाचून दाखवते.

सकाळी गॅरेजचं दार खाली येतं, तो घरघराट संपला की संध्याकाळपर्यंत या घरात माझाच आवाज. मी बोलते आणि मीच उत्तर देते. पोरं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण मी फार एकटी पडले आहे भावजी. हे शंतनूला सांगितलं तर तो कुठल्या तरी सीनियर क्लबात माझं नाव घालून येईल.

आम्ही कायमचे इकडे येतोय हे विमानाची तिकिटं काढून झाल्यावर ह्यांनी तुम्हाला सांगितलं, ते चुकलंच. तुम्ही निरोप द्यायला आला नाहीत, तेही चुकलं. टाळी एका हाताने वाजत नाही. पण इथे आल्यापासून दर रविवारी हे फोन घेऊन बसायचे. मी म्हणायचे, तुम्हीच करा की. "त्याने करायचा," एवढंच म्हणायचे. मग फेब्रुवारी आला, आणि आता ह्यांच्याकडून फोन होणं राहिलंच नाही.

तर मागणं एवढंच. रेसच्या दिवशी इथे दुपारी तीनच्या सुमाराला फोन करा. तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल, पण तुम्हाला कुठे झोप येते! शंतनूचा नंबर खाली लिहिला आहे, माझा नको असेल तर तो लावा. मी ह्यांच्या कानाला धरेन. माफी वगैरे काही नको. फक्त विचारा, पल्या, शेवटचा कोण?

तुमची वहिनी,
सुवर्णा


पिस्कॅटवे
२० ऑक्टोबर

अवधूत भावजी,

आज पहिली आंघोळ. ह्यांना शंतनूने आणि मी मिळून उटणं लावलं. हे पत्र पोस्टाने येतंय, पोहोचेल तेव्हा तुमचा फराळ संपलेला असेल. तुम्ही करता कुठे म्हणा, शेजारचे देतात तोच.

शरयू वहिनींचा फोन आला होता. तुम्ही पत्र दारातच उघडलंत, चष्मा नाही म्हणून आत गेलात आणि परत बाहेर आलाच नाहीत, असं म्हणाल्या. त्या बिचाऱ्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि दार ओढून घेतलं नि निघून गेल्या. म्हणजे तुम्ही वाचलंत. मी ते गृहीत धरते.

आता रेसचं. शुक्रवारी धो धो पाऊस झाला, शनिवारी लख्ख ऊन. निघताना शंतनू कुरकुरला, "आई, आर यू शुअर? ग्राउंड सगळं मडी असणार. बाबांना कळणार तरी आहे का?"

"तुला कळतं का रेसमधलं?"

"नाही."

"मग तू येतोयस ना? तेही येतील."

तिथे गेलो तर जत्रा! हजारो माणसं, गाड्यांच्या डिक्या उघडून खाणं मांडलेलं, बायकांच्या डोक्यावर परातीएवढ्या हॅट्स. घोड्यांकडे पाठ करून जो तो खातोय. आम्हीही थालीपिठं काढली. व्हीलचेअर चिखलात रुतली तेव्हा वाइनचे ग्लास हातात घेतलेल्या दोघांनी ग्लास गवतावर ठेवले आणि ह्यांना उचलून कठड्यापाशी नेऊन सोडलं. शेवटचं हर्डल अगदी समोर. अशी जागा तुम्हा दोघांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

अडीचपासून फोन माझ्या हातात होता.

"आई, इथे नेटवर्क नाहीये," शंतनू म्हणाला. "एवढी गर्दी आहे ना, सगळ्यांचेच जॅम झालेत."

"जरासुद्धा नाही?"

"नो बार्स. सॉरी आई."

तेव्हा भावजी, मी असं धरून चालते की तुम्ही फोन लावलात आणि तो लागला नाही. घरी येऊन मी मिस्ड कॉल शोधले का, आणि होता का, ते विचारू नका. मीही तुम्हाला खरं काय ते विचारणार नाही.

घोडे सुरुवातीच्या रेषेकडे गेले. हे मान खाली घालून बसले होते. मला एकदम राहवेना. मी मागे गेले, ह्यांच्या पाठीत, चांगल्या बाजूला, एक गुद्दा घातला. हळू घालायचा होता, जोरात बसला. आणि तुमच्यासारखा घोगरा आवाज काढून कानात म्हटलं, "पल्या, शेवटचा कोण?"

ह्यांची मान वर आली.

माझे अंदाज सगळे धुळीला मिळाले. मिसेस हार्लो तिसऱ्या हर्डलपाशी अडेल असं वाटलं होतं, ती पहिल्यापाशीच अडली. क्वायट टेनंट पडला नाही, जिंकला. आणि तो म्हातारा सेकंड हेल्पिंग प्रत्येक हर्डलपाशी घासाघीस करत करत तिसरा आला! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पुढची हॅट वळून बघायला लागली. ह्यांचे डोळे शेवटपर्यंत घोड्यांवरून हलले नाहीत.

मग लोक परत खाण्याकडे वळले. शंतनू म्हणाला, "चला, पार्किंगला गर्दी व्हायच्या आत निघू." त्याने खुर्ची फिरवली तर ह्यांनी डाव्या हाताने कठडा धरून ठेवला. सोडेचनात. मी बघितलं, उतारावरून एक घोडा येत होता. एकटाच. ब्रास बटन. चिखलाने पोटापर्यंत माखलेला, मान खाली, पळतोय म्हणण्यापेक्षा चालतोयच. जॉकीने चाबूक खाली सोडलेला. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. शेवटच्या हर्डलपाशी तो थांबतो की काय असं वाटलं, पण कसाबसा पलीकडे आला.

ह्यांनी कठडा सोडला आणि डावा हात वर उचलला. तो तसाच हवेत राहिला. मला आधी कळलंच नाही काय हवंय ते. कळलं तेव्हा मी माझा तळहात पुढे धरला. त्यावर त्यांनी आपला मारला. परत मारला. तो घोडा रेषा ओलांडून जाईपर्यंत मारत राहिले.

आणि मग बोलले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. जड, पण मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. म्हणाले, "अवध्या."

शंतनूने खुर्चीच सोडली. "आई! बाबा बोलले! काय म्हणाले? तुला हाक मारली ना?"

मी हो म्हटलं.

भावजी, तुमच्यापासून लपवून काय करू, मला लागलं. न्हाऊमाखू मी घालते, घास मी भरवते, रात्री कूस मी बदलते, दिवसभर घोडे मी वाचून दाखवते, आणि पहिला शब्द तुमचा. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं. पण ते नंतर. तिथे हे माझ्याकडे मान वळवून बघत होते, उत्तराची वाट बघत. मी मघाचाच घोगरा आवाज काढला आणि म्हटलं, "हो रे पल्या. इथेच आहे मी."

तेव्हा हे हसले. वाकडं, एका बाजूने, पण हसले. शनिवारपासून चार वेळा ते नाव घेतलंय आणि चारही वेळा मीच ओ दिली आहे. आवाज काढून काढून घसा बसलाय माझा. हे सोंग मला फार दिवस झेपणार नाही, आणि हे तेवढे बावळट नाहीत.

अंदाज कळवला नाही तो हरला, हा नियम तुमचाच. इथे स्कूटर नाही, पण व्हीलचेअर आहे. तिच्या चाकांना शनिवारचा चिखल अजून तसाच आहे. वाळून खडखडीत झालाय, रुचाच्या गालिच्यावर ढेकळं पडतात. काल ती फडकं घेऊन आली तेव्हा मी तिला हात लावू दिला नाही. म्हटलं, राहू दे, पुसणारा माणूस पुण्याहून यायचा आहे.

तुमची वहिनी,
आणि तुम्ही येईपर्यंत ह्यांचा अवध्या,
सुवर्णा