फळ्यावरचं शेवटचं नाव

१२ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत आणि मी त्यांच्या भाषेत ‘चालतंय तोवर चालतंय’ या वर्गात मोडतो. गुडघा कुरकुरतो. ऐकू कमी येतं, पण बोलणं कमी झालेलं नाही, त्यामुळे माझी काहीच गैरसोय होत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारू नकोस.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. एप्रिलमध्ये तू लग्न करते आहेस, आम्ही दोघांनी यावं, एवढंच तू लिहिलं होतंस. उत्तर लांबलं, कारण हातात काम आहे. आपली स्क्वाड्रन बंद होते आहे. जुनी मालवाहू विमानं मोडीत निघणार आणि आमचा क्रमांक विनावैमानिक यंत्रांच्या एका नव्या तुकडीला मिळणार. तत्पूर्वी स्क्वाड्रनचा इतिहास लिहून हवा, आणि निरोपाच्या दिवशी भाषणही हवं. दोन्हीला त्यांना भोंगाच आठवला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हे टोपणनाव काही सुटत नाही.

मुख्यालयाने नमुना म्हणून दुसऱ्या एका स्क्वाड्रनचा इतिहास पाठवला. पानापानावर ‘गौरवशाली’. वाचून थकलो. मी तसलं लिहिणार नाही. आम्ही हमाल होतो. लढाऊ विमानवाले आम्हाला तोंडावर हमाल म्हणायचे आणि आम्ही म्हणायचो, ‘बरोबर आहे साहेब, उद्या तुमचा डबा तुम्हीच आणा.’ डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल, औषधं, बूट आणि पत्रं टाकणं हा आमचा पराक्रम. पहिले कमांडर फाटलेली पॅराशूट स्वतः शिवत बसायचे, म्हणून त्यांना सगळे टेलरमास्तर म्हणत. पहिल्या युद्धात त्यांनी वेढ्यात सापडलेल्या गावातून माणसं काढली. विमानात इतकी कोंबली, की दार बाहेरून ढकलून लावावं लागलं. हे मी लिहिलं. एका वर्षी आपल्याच संपकरी लोकांवर नजर ठेवायला आम्हाला आकाशात घिरट्या घालायला लावलं, तेही लिहिलं. ते कापतील. कापू देत. मी परत लिहीन. ज्यांनी गोळी झाडली त्यांचे पुतळे होतात आणि ज्यांनी पीठ पोचवलं त्यांच्या नावाची साधी पाटीही होत नाही. हा अन्याय मी मरेपर्यंत ओरडून सांगणार आहे. पण खरं सांगू? हल्ली ओरडायला उठावंसंच वाटत नाही.

फळ्याचं प्रकरण लिहायचं राहिलं आहे. तुला माहीत आहे, तरी लिहून बघतो. उड्डाणाआधी प्रत्येकाने फळ्यावर आपलं टोपणनाव स्वतः खडूने लिहायचं आणि उतरल्यावर स्वतःच पुसायचं. ज्याने लिहिलं त्यानेच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा एका नव्या शिपायाने सफाईच्या उत्साहात अख्खा फळा स्वच्छ केला आणि आम्ही चौघं अजून हवेतच. उतरून बघतो तर फळा कोरा! आमच्या कप्तानाने शिपायाला शिवी दिली नाही. शांतपणे खडू घेऊन आधी नाव लिहिलं, मग पुसलं, मग चहा मागितला. आम्हीही तेच केलं. बाहेरच्याला हे वेड वाटेल. पण आकाशात जाणाऱ्याला परतीची पावती स्वतःच्या हाताने फाडावीशी वाटते.

नऊ वर्षांपूर्वी ते विमान बर्फाच्या खोऱ्यावर ढगात शिरलं आणि दिसेनासं झालं. फळ्यावर चार नावं राहिली. मग आपण ठरवलं, की घरच्यांचा हात तो त्याचाच हात. तिघांच्या घरचे एकेक करून आले, पुसून गेले. एक नाव तेवढं आहे. तुला ते नाव कधी आवडलं नाही. ‘नवऱ्याला कुणी पेन्सिल म्हणतं का?’ म्हणून तू मेसमध्ये त्या पोरांशी भांडली होतीस. काटकुळा आणि उंच, दुसरं काय म्हणतील? मी त्या फळ्याला काच बसवून घेतली, कुलूप लावलं. स्थापनादिनाआधी काच पुसायला दरवर्षी जातो.

नवा कमांडर परवा घरी आला होता. पेन्सिलपेक्षाही लहान दिसतो. ‘सर, इमारत पाडायची आहे. फळ्याचं काय करू?’ मी म्हटलं, नव्या इमारतीत न्या. तो खाली बघत म्हणाला, ‘सर, तिथे उडणारं कुणी नाही. नाव कोण लिहिणार?’

तर असं. तुला सवड असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ये. ते नाव तुझ्या हाताने जावं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. लग्नाबद्दल सवडीने लिहितो.

तुझा,
बाबा

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. पत्र मिळालं. इतिहास वाचायला आवडला. टेलरमास्तर आवडले. दार ढकलून लावलेलं विमान आवडलं. माझ्या लग्नाला तुम्ही दोन ओळी दिल्यात, त्याही मोजूनमापून.

मी येणार नाही. रागाने लिहीत नाही. पाणीपुरवठा खात्यात मार्च म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, पण ते कारण नाही. मी एकदा आले होते, बाबा. तिघांच्या घरचे पुसून गेले त्याच दिवशी मीही पिशवीत ओलं फडकं घालून आले होते. रात्रभर रडून, मनाची तयारी करून आले होते. मी फळ्यापाशी पोचले आणि तुम्ही बोलायला उठलात. ‘आमचं घर वाट बघणं सोडणार नाही.’ काय बोललात तुम्ही! लोकांच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांमध्ये मी फडकं परत पिशवीत ठेवलं. पिशवीतली छत्री, पर्स, सगळं ओलं झालं.

मी तुम्हाला खोटं पाडू शकले नसते. तुम्ही इतकं छान बोलता.

तेव्हापासून पाकिटावर माझ्या नावामागे ‘सौ.’ येतं. पोस्टमनला काही वाटत नाही, मला वाटतं. मी त्याची वाट बघणं थांबवलं ते त्याच्यावरची माया कमी झाली म्हणून नाही. तो बर्फात आहे, मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत, एवढंच.

मी माझ्यापुरतं ते नाव कधीच पुसलं. आता फळ्यावर जे आहे ते तुमचं काम.

आईंचा फोन आला होता. त्या येणार आहेत. तुम्ही येणार की नाही, हे तुम्ही मला लिहा. मला हो किंवा नाही चालेल. भाषण चालणार नाही.

ज्यांच्याशी लग्न करते आहे ते दातांचे डॉक्टर आहेत. तुमच्याबद्दल सगळं सांगितलं आहे. म्हणाले, ‘माझ्या खुर्चीत मोठमोठे वक्ते गप्प बसतात. येऊ देत.’

गुडघ्याला शेक घ्या.

तुमची,
सून

२९ मार्च

चि. बाळ,

आज नुसतं बाळ लिहिलं. पाकीटही बघ.

तुझं पत्र मी तुझ्या सासूबाईंना वाचायला दिलं नाही. त्यांनी ते माझ्या खिशातून काढून वाचलं. वाचून म्हणाल्या, ‘मुलगी शहाणी आहे.’ मग भाजी निवडायला बसल्या. मी म्हटलं, ‘तुला काही बोलायचं नाही?’ म्हणाल्या, ‘नऊ वर्षं तुम्हीच बोलताय. मला संधी कुठे मिळाली? मी एप्रिलमध्ये जाणार आहे. तुम्ही या, नाहीतर इथे बसून इतिहास लिहा.’

काल निरोप झाला. त्याआधी परवा मी एकटा फळ्यापाशी गेलो होतो. क्रू-रूममधल्या खुर्च्या नेल्या होत्या. नकाशे काढल्याचे चौकोन भिंतीवर पांढरे दिसत होते. कोपऱ्यात कुणीतरी चहाचे पेले पोत्यात भरून ठेवले होते. बाहेर हातोडे चालू होते. किल्ली माझ्याकडेच. काच उघडली आणि म्हटलं, शेवटचं नीट बघून घेऊ.

आता तुला एक सांगतो. हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं. त्या भिंतीला ओल आहे. काचेच्या आतही खडू टिकत नाही, दरवर्षी थोडा गळतो. पहिल्या वर्षी ‘पे’ची मात्रा गेली. ती मी जरा ओढून घेतली. एवढंच, म्हटलं, फोटोवरची धूळ पुसल्यासारखं. पुढच्या वर्षी ‘न्सि’ अर्धा गेला. मग ‘ल’. दरवर्षी काच पुसायला म्हणून जात होतो, आणि खिशात खडू घेऊन जात होतो.

परवा उजेडात बघितलं. त्याचा ‘ल’ तुला आठवतो? घाईत शेपूट वर फेकायचा, शाळेतल्या बाईंनी कितीदा हातावर मारलं तरी. फळ्यावरच्या ‘ल’ला शेपूट नव्हतं. गोल, बसका, माझा ‘ल’. मात्रा माझी. वेलांटी माझी. तिथे माझ्या मुलाच्या हातची एक रेघ उरलेली नव्हती. जे मी त्याचं म्हणून राखत होतो ते मीच लिहीत होतो, एकेक तुकडा करून.

नवा कमांडर दारात आला. म्हणाला, ‘सर, कुणी येणार आहे का? थांबायचं का?’

मी म्हटलं, ‘नाही. कुणी येणार नाही.’

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. तू लिहिलं होतंस ना, एकदाही म्हणाला नाहीत म्हणून. घे, म्हणालो.

मग तो बिचारा नियम आठवून चाचरत म्हणाला, ‘पण सर, ज्याने लिहिलं त्यानेच...’ मी म्हटलं, ‘मीच लिहिलंय.’ त्याला काही कळलं नाही. मी रुमालाने पुसलं. पाच सेकंदांचं काम, बाळ. मला नऊ वर्षं लागली. रुमाल कशाने पांढरा झाला ते मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांनी मात्र बादलीत घालण्याआधी तो एकदा गालाला लावला. त्यांना कसं कळलं, देव जाणे.

काल भाषण होतं. वीस पानं लिहून नेली होती. सगळे जमले होते, जुने हमाल, त्यांच्या काठ्या, त्यांच्या बायका. मी माईकपाशी गेलो आणि म्हटलं, ‘हमालांनो, पोचलं सगळं. आता पाठ सरळ करा.’ आणि खाली येऊन बसलो. लोकांना वाटलं, भोंगा दम घेतोय. पाच मिनिटं कुणी हललंच नाही. शेवटी बँडवाल्यांना खूण करावी लागली.

इतिहासात त्या विमानाचं प्रकरण लिहून टाकलं. विमानातले चौघे मृत्युमुखी पडले, असं साधं लिहिलं. ‘हौतात्म्य’ घालायला मुख्यालयाने सुचवलं, मी नको म्हटलं. त्यांची घरं त्यांच्यावाचून जगायला शिकली, असं पुढे जोडलं आहे. ते कापलं तर मात्र मी मुख्यालयात जाऊन बसेन. तेवढा दम अजून आहे.

आता तुझा प्रश्न. भाषण नको म्हणालीस, म्हणून: हो.

तिकिटं काढली. आदल्या दिवशी सकाळी पोचतो. दातवाल्या डॉक्टरांना सांग, माझे मोजून सातच दात उरलेत. त्यांचे कष्ट वाचतील, पण वक्ता गप्प बसेल याची हमी नाही. एकच विनंती. तुझे आईवडील नाहीत. तुझ्या बाजूच्या पहिल्या ओळीत दोन खुर्च्या रिकाम्या असतील, त्या आमच्यासाठी ठेव.

हे मोठ्याने वाचत होतो, तर सासूबाई आतून म्हणाल्या, ‘अहो, आपण तर मुलाकडचे ना?’

मी म्हटलं, ‘होतो.’

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि माझी बॅग काढून ठेवली.

मुलीकडचा,
बाबा