वालेट्टासाठी एक अक्षर

३ एप्रिल, गुरुवार

यादी सुरू. वालेट्टा, माल्टा. प्लग चौकोनी तीन पिनांचा — अडॅप्टर हवा. नळाचं पाणी चालतं, चव खारट. बसेस शहराच्या वेशीबाहेरून सुटतात. बऱ्याच गल्ल्यांना पायऱ्याच, दगड गुळगुळीत — पकड असलेले बूट. इंग्रजी चालतं.

माझ्या भावाचं, अण्णाचं लग्न तिथेच, १० मेला. घरातून मी एकटीच जाणार.

५ एप्रिल

चेन्नईच्या व्हिसा केंद्राचा फोन. अण्णाचं निमंत्रण टी. अनंतकृष्ण या नावाने, मी के. शिवरंजनी — सख्खी भावंडं कशावरून?

इकडच्या तमिळ रीतीने आम्हाला आडनाव नाही. नावाआधी वडिलांचं अक्षर. कृष्णराव, म्हणून के. चार वर्षांपूर्वी भांडणात अप्पा अण्णाला म्हणाले होते, "माझं अक्षर लावू नकोस." त्याने आईचं लावलं, पासपोर्टवरही. त्रिपुरसुंदरीचा टी. हे पाहायला आई नव्हती.

आता वडिलांचं प्रतिज्ञापत्र हवं. नाव पासपोर्टप्रमाणेच. मुदत शुक्रवार.

अप्पांना सांगितलं. ते पेपर वाचत राहिले.

८ एप्रिल

कागद टेबलावर तसाच! अण्णाच्या नावाची जागा मी मोकळी ठेवलीय. टी टाइप करून त्यांच्यापुढे ठेवायला धजले नाही.

नागलक्ष्मी अत्तै, अप्पांची बहीण, यादी पाहून म्हणाली, "लग्नाला चाललीस की पूल बांधायला?" अप्पा हसले नाहीत. जेवताना मात्र विचारलं, तिकडच्या पायऱ्यांना कठडे आहेत का. काही ठिकाणी, म्हटलं.

१० एप्रिल

अप्पा सकाळीच नोटरीकडे जाऊन आले. कागद हातात दिला. सही, शिक्का — सगळं जागच्या जागी. मोकळ्या जागेत निळ्या शाईने, त्यांच्या ताठ अक्षरात: के. अनंतकृष्ण.

अण्णाच्या पासपोर्टशी जुळत नाही. कागद निरुपयोगी!

दुरुस्तीला एक दिवस आहे. "अप्पा, के खोडा" — एवढंच म्हणायचं. दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन परत आले.

११ एप्रिल

कागद केंद्रात तसाच दिला. फोटो अण्णाला पाठवला.

२८ एप्रिल

व्हिसा नाकारला. कारण: नावात तफावत.

अण्णाचा मेसेज: "लग्न तिकडेच, आपल्या घरी करू. हिला घेऊन येतो. हिच्यासाठी यादी पाठव." खाली पूर्ण नाव — के. अनंतकृष्ण.

यादी सुरू. कुंभकोणम्. प्लग गोल पिनांचा. पाणी उकळलेलंच. चपला दाराशी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ.