नवऱ्यांच्या नावची कार्डं

२ मे १९७९
राजीनामा दिला! अकरा वर्षं साकोलीच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली, आज किल्ल्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवल्या. अध्यक्ष म्हणजे लक्ष्मणराव — जिल्हा परिषदेला माझ्याविरुद्ध उभे आहेत तेच! म्हणाले, "बेबीबाई, कायले लढता? परिषदेवर एक बाई त कायद्यानं नेमावीच लागते. तुमचंच नाव सुचवतो ना." नेमलेली बाई नुसती मान डोलावते. मला तिथे वाचनालयांतल्या माझ्या माणसांच्या वेतनश्रेणीसाठी भांडायचंय. युनियन उगाच नाही काढली.
पण हरले तर? नोकरीही गेली.

५ मे
निशाणी मिळाली — शिडी! अकरा वर्षं शिडीवरच गेली माझी.

९ मे
परसराम, आमच्या युनियनचा चिटणीस, धापा टाकत आला. लक्ष्मणरावांनी म्हणे वाचनालयाच्या सभासदांचं रजिस्टर घरी नेलं. "ताई, नाव पाहून पाहून घरोघरी फिरून राहिले ते! तुमचे सारे वाचक फोडतीन!"
मी हसतच सुटले. रजिस्टरात सगळे पुरुष! कार्ड नवऱ्याच्या नावचं, वाचणार बायको — आमच्याकडची रीतच ती. बाईनं वाचनालयाची पायरी चढायची नाही, म्हणून दर बुधवारी मीच पिशवी घेऊन दारोदार. निम्म्या नवऱ्यांना आपलं कार्ड आहे हेही ठाऊक नाही! खुद्द लक्ष्मणरावांच्या कार्डावर दोनशेच्या वर पुस्तकं — सगळी त्यांच्या सुलोचनाबाईंनी वाचलेली. फिरा म्हणावं, खुशाल फिरा!

१७ मे
तेंदूपत्त्याचे दिवस, बाया उजाडताच जंगलात. मीही गेले. पानं तोडता तोडता चंद्रभागाबाई म्हणाली, "मत तुलेच देतो वो. पन तू भंडाऱ्याले गेल्यावर पिशवी कोन आनंन?"
दिवसभर तेच डोक्यात.

२७ मे
मतदान झालं. बायांची रांग पार रस्त्यापर्यंत! जेवण गेलं नाही.

२९ मे
जिंकले!! तीनशे चौदा मतांनी! गुलाल कानात, नाकात, लुगड्यावर. परसराम लहान मुलासारखा रडला. मीही रडले — का लपवू? लक्ष्मणराव कोणाला तरी विचारत होते, "रजिस्टरातल्या साऱ्यायनं त हो म्हटलं होतं!" म्हटलं असेल हो. त्यांनी मतंही दिली असतील. बायकांना विचारलंत का?
चंद्रभागाबाई दिसली. हात हलवला, पण डोळ्यांत तोच प्रश्न.

१३ जून, बुधवार
दारात सुलोचनाबाई. खांद्यावर माझीच पिशवी!
"तुमची जागा खाली होती. अर्ज केला. ह्यायले सही कराच लागली." पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "आता तुमच्या युनियनचा फॉर्म आना. अन् हे तुमचं कार्ड — तुमच्याच नावचं."