तुळशीपुढची मेणबत्ती

बाई, आज संध्याकाळी समोरच्या गॅलरीत शेजारणीने तुळशीपाशी दिवा लावला आणि तुमची आठवण आली, असं मी निबंधात लिहिलं असतं तर तुम्ही समासात ‘फार सोपं’ असा शेरा मारला असता. पण झालं तसंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली, आता तुमच्या शेऱ्यांची भीती उरलेली नाही. म्हणजे, थोडी उरली आहे.

दहावी आणि अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, अशी दोन्ही वर्षं आम्हाला ती एकच कादंबरी होती. सासरी गेलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी माहेरी येते, अंगणात पाऊल टाकते आणि वृंदावनातली तुळस वाळून काडी झालेली तिला दिसते. प्रकरण तिथे संपतं. तुम्हीही तिथेच पुस्तक मिटलंत आणि मी सांगेपर्यंत पुढचं पान उघडायचं नाही अशी तंबी दिलीत. मला अजून तो वर्ग दिसतो. तुमचा हात पुस्तकाच्या पाठीवर आहे, बाकावरची चुळबूळ थांबली आहे, आणि आम्ही सगळ्या त्या काडीकडे बघतो आहोत. शब्दांना असं करता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला होता, बाई.

मग तुम्ही त्या प्रतिमेवर घरून लिहून आणायला सांगितलंत. मी लिहिलं, ‘तिची आई रोज संध्याकाळी तुळशीपुढे मेणबत्ती लावत असेल.’ मरोळच्या आमच्या गावठाणात घरापुढे तुळस नव्हती, क्रूस होता, चुना लावलेला दगडी क्रूस. आई तो सकाळी धुवायची, झेंडूचा हार घालायची आणि दिवेलागणीला मेणबत्ती लावायची. घरापुढे जे उभं असतं त्याला मेणबत्तीच लावतात, यापलीकडे मला काही सुचलंच नाही. निबंध मोठ्याने वाचून दाखवायचे होते. वर्गात हसण्याचा नुसता गदारोळ झाला. मागून कोणीतरी म्हणालं, ‘अगं, तुळशीचा वाढदिवस होता का?’

घरी मामा मागे लागलाच होता की जूनपासून पोरीला कॉन्व्हेंटमध्ये घाला, मराठी शाळेत काय ठेवलंय. इतके दिवस मीच नाही म्हणत होते. त्या दिवशी हो म्हटलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले, पण ते पुस्तक आपलं नाही, असं माझ्या मनाने घेतलं. ज्या पुस्तकाने अंगावर काटा आणला तेच आपलं नाही, हे फार लागलं होतं मला.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. मी गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. निकालाच्या दिवशी तुम्ही मला व्हरांड्यात गाठलंत.

‘पावित्र्याचं प्रतीक! हे बाजारात मिळतं. तुझी मेणबत्ती कुठे गेली?’

‘बाई, ती चूक होती.’

‘होती. पण तुझी होती. वस्तू आधी वस्तू असते गं, प्रतीक मागाहून होते. तुझ्या घरापुढे काय आहे ते मला बघायचंय.’

मला वाटलं, रागाच्या भरात बोललात. पण मे महिन्यात तुम्ही खरंच आलात, हातात छत्री घेऊन, पार्ल्याहून. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापुढे सगळं गावठाण प्रार्थनेला जमतं आणि प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. आईने पातेलं तुमच्यापुढे आणलं आणि आधी विचारलं, ‘बाई, चालतील ना आमच्या हातचे?’ तुम्ही ओंजळ पुढे केलीत. ‘खोबरं जरा जास्त घाला,’ म्हणालात. आई त्या वाक्यावर पुढे कितीतरी वर्षं जगली.

चणे खाता खाता तुम्ही मला विचारलंत, ‘असा क्रूस एखाद्या घरापुढे धुतलेला दिसला नाही, हार वाळलेला दिसला, तर काय समजायचं?’

‘घरात कोणीतरी पडून आहे समजायचं. बघायला जायचं,’ मी म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

‘जा, आता पुढचं प्रकरण वाच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर बसून मी ते वाचलं. मुलगी आत जाते. आई खाटेवर पडून आहे, किती दिवस कोणास ठाऊक, आणि लेकीला कोणी कळवलेलं नाही. बाई, मी पुस्तक मांडीवर ठेवून आमच्या क्रुसाकडे बघत बसले. ज्याने मला कधी पाहिलं नाही, आमचं गावठाण पाहिलं नाही, त्या लेखकाला आमचं अंगण कसं ठाऊक? ते आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. जूनमध्ये मी तुमच्याच वर्गात होते. मामा महिनाभर बोलला नाही.

सत्तरच्या दशकात मी नोकरीला लागले होते. एकदा पार्ल्यात कामाला आले आणि तुमच्या घराखालून जाताना सवयीने वर पाहिलं. गॅलरीतली तुळस वाळली होती. मी बाकी काही मनात आणलं नाही, जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही पलंगावर होतात, इतक्या बारीक झालेल्या की मला रडूच आलं.

‘तुला कोणी कळवलं गं?’

‘तुळशीने.’

तुम्ही डोळे मिटून हसलात. शेरा दिला नाहीत. मी डॉक्टरांना बोलावलं, पेज केली, तुळशीला पाणी घातलं. अंधारून आल्यावर तुम्ही म्हणालात, ‘तिच्यापाशी दिवा लाव.’ मी स्वयंपाकघरात गेले आणि दिवे गेले की लावायला ठेवलेली मेणबत्ती घेऊन आले. ‘वात-तेल काही सापडलं नाही,’ म्हटलं. गॅलरीचं दार उघडं होतं. तुम्ही पलंगावरून त्या ज्योतीकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘तुझा निबंध आता बरोबर झाला.’

त्यानंतर पंधरवड्यात तुम्ही गेलात. तुमची ती बिल्डिंगही आता नाही, तेव्हा हे पत्र टाकायचं तरी कुठे. फक्त एक सांगायचं राहिलं होतं. तेलाची बाटली आणि वळलेल्या वाती समोरच्या फळीवरच होत्या, बाई. मला दिसल्या होत्या.