ठराव क्रमांक अकरा

धाराशिव,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दत्तूमामांस,
अश्लेषाचा सा. न. वि. वि.

तुम्ही माझे मामा आणि मी चिटणीस असलेल्या ‘मोकळीक’ संस्थेचे मानद खजिनदारही, त्यामुळे पत्र लिहिताना आधी वाटणी करावी लागते. नमस्कार मामांना, विनंती खजिनदारांना.

सोबत चेक आहे. अध्यक्ष कल्याणप्पांची सही झाली, तुमची तेवढी राहिली. पैसे कोणासाठी तेही सांगून टाकते. सोनारीच्या कडूबाईवर विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ आहे. ती मोटर हलवायला दोन गडी लागतात आणि कडूबाई माझ्या खांद्याला लागते. कोर्टानं तिला उन्हाळ्यातच जामीन दिला, पण रोख रक्कम भरायला मागं कोणी नाही, म्हणून जामीन मिळूनही ती तुरुंगातच. अशा माणसांसाठीच आपली संस्था.

तिची लेक समृद्धी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि माहेराला कुलूप आहे. शेजारीण जेवू घालते. दिवस भरत आलेत. मी तुरुंगात भेटायला गेले, तर कडूबाई म्हणाली की लेकीपाशी कुणीच न्हाय, म्या इथं बसून काय करू, तेवढं बघा. शनिवारपासून कोर्टाला दिवाळीची सुटी. शुक्रवारी दुपारपर्यंत पैसे भरले तर ती संध्याकाळी सुटेल, नाही तर लेकीचं बाळंतपण तिच्याविना होईल.

शिवलीला वकीलबाई रोज तुळजापुराहून एसटीनं इथं कोर्टात येतात, हे पत्रही त्याच आणतील, त्यांच्याकडेच चेक द्यावा. हिशेबाचं तुम्ही फोनवर बोलत नाही, त्यामुळे माझं अक्षर मात्र सुधारलं.

लोभ आहे तोच चालेल, सही तेवढी ताजी धाडावी.

आपली आज्ञाधारक (फक्त कामकाजापुरती),
अश्लेषा


तुळजापूर,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. अश्लेषा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. चेक सही न करता परत पाठवीत आहे. राग मानू नये. जन्मभर कोर्टाच्या पैशाअडक्यावर नाझर म्हणून काम केले, कागद परत करण्याची सवय एवढ्यात जायची नाही. हरकती पुढीलप्रमाणे.

ऑगस्टात सुटलेल्या रेवणप्पास घरी पोचविण्याचा खर्च मंजूर होता. त्याचे घर ढोकीस. तिकीट मात्र तुळजापूरचे. ढोकी एकीकडे, तुळजापूर दुसरीकडे. संस्थेच्या हिशेबात देवदर्शन असे खाते नाही. शिवाय त्याच दिवशीच्या भज्यांच्या पावतीवर प्लेटींच्या जागी ‘पोटभर’ असे लिहिले आहे. पोटभर हे माप कोणताही तपासनीस मान्य करणार नाही. तसेच पावत्या टाचणीने लावाव्यात, स्टेपलरने नव्हे. स्टेपलरची पिन माझ्या बोटास लागली.

तुला हे खुसपट वाटेल. परंतु हा पैसा लोकांनी विश्वासाने दिला आहे. एक कागद चुकला की चौकशी, चौकशी लागली की खाते बंद, आणि मग पुढच्या कडूबाईस कोण सोडविणार, याचाही विचार करावा.

लेखी खुलासा आल्यावर सहीचे पाहू. मामीने चिवड्याचा डबा दिला आहे.

आशीर्वाद कायम आहेत, मंजुरी राखून ठेवली आहे.

दत्तोपंत


तुळजापूर,
मंगळवार, दुपार

चि. अशूस मामीचे आशीर्वाद.

पत्र डब्याच्या तळाशी ठेवलंय, म्हणजे चिवडा संपल्याशिवाय मिळायचं नाही. तुझी भूक मला माहीत आहे, लगेच मिळेल.

हरकतींचं पत्र माझ्या हातचं आहे, हे तुझ्या लक्षातसुद्धा आलं नसेल. चष्मा बदलायला झालाय असं सांगून मामांनी मला लिहायला बसवलं. चष्म्याला काही झालेलं नाही. त्यांचा हात थरथरतो. बशीतला चहा सांडला की म्हणतात बशी उथळ आहे. गेल्या महिन्यात पेन्शनचे पैसे काढायला गेले तर बँकेनं स्लिप परत दिली, सही जुळत नाही म्हणून. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. सही जुळत नाही म्हणून जगाचे कागद परत करणारा हा माणूस, घरी आला आणि ताटावरून तसाच उठला. मला लई वाईट वाटलं.

काल तुझा चेक आला तेव्हा कॅलेंडरच्या मागं सही गिरवत होते, पाटीवर पोरं गिरवतात तशी. जमेना, तेव्हा रेवणप्पाची भजी सापडली.

बँकेत जाऊन नवी सही देऊन या म्हटलं, तर म्हणाले तसा काही नियम आहे का. नियम नसताना तिथं जाऊन काय सांगू, हात कापतो म्हणून? तेव्हा तू एखादा नियम शोध. सापडला नाही तरी तू काही हातावर हात ठेवून बसणारी नाहीस.

माया आहेच. डबा रिकामा परत पाठवू नको.

शामलामामी


धाराशिव,
बुधवार, १५ ऑक्टोबर

मा. खजिनदार यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या हरकतींचा खुलासा सादर. रेवणप्पाला मी ढोकीच्याच गाडीत बसवलं होतं. तो मागच्या मागं उतरून तुळजापूरच्या गाडीत चढला. म्हणाला की आधी आईच्या पायावर डोस्कं ठिवतो, मग घरचा उंबरा. तुरुंगातून सुटलेलं माणूस आधी देवीला भेटतं, हे तुळजापुरात जन्म घालवलेल्या माणसाला मी कळवावं, याची मलाच लाज वाटते. भजी मोजली नाहीत, कारण तो खात असताना मोजणं बरं दिसलं नसतं. टाचण्या घेतल्या आहेत. पावती जोडली आहे, टाचणीनं.

आता आपल्याविरुद्ध एक हरकत. संस्थेच्या ठराव क्रमांक अकरानुसार चेकवर सह्या करणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्यानं दर दिवाळीपूर्वी बँकेत जातीनं जाऊन सहीचा नवा नमुना द्यायचा आहे. कल्याणप्पा आज सकाळीच देऊन आले. आपला नमुना थकला आहे. तो दिल्याखेरीज आपली सही मी घेणार नाही, मग ती कितीही सुंदर असो. उद्या बँक उघडताच जावं आणि चेक शिवलीलाबाईंकडे द्यावा. मुदतवाढ मागू नये.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. ते मामांसाठी. खजिनदारांनी फक्त मोजावेत.

आदर पूर्ण आहे, सवलत नाही.

अश्लेषा


तुळजापूर,
गुरुवार, १६ ऑक्टोबर

चि. अशूस आशीर्वाद.

सही केलेला चेक वकीलबाईंकडे दिला आहे, बघून घे. घाईत लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा मामांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. आज सकाळी बघते तर कोट घालून तयार. मी मागोमाग गेले. बँकेत रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं की संस्थेचा अकरावा ठराव आहे, नाही तर मी आलो नसतो. काउंटरवरची मुलगी गुणी निघाली. आजोबा, बसून करा म्हणाली, खुर्ची दिली.

पण मग ते स्वतःच म्हणाले की बाई, माझा हात कापतो, तीन सह्या तीन तऱ्हेच्या येतील. हे इतक्या लोकांत म्हणाले, अशू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सांगितलं, चांगली आलेली धरू. तर मामा म्हणाले, नको, सगळ्यांत वाकडी धरा, चांगली पुन्हा येईल याची हमी कोण देणार. आणि तीच दिली. पेन्शनच्या खात्यालाही तीच.

घरी येऊन दोन वेळा भात घेतला.

आहे तशी लाडकी राहा, आणि या नियमाचं कोणाला सांगू नको.

मामी


धाराशिव,
गुरुवार, २३ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

तुमची वाकडी सही बँकेनं सरळ मानली. शुक्रवारी पैसे भरले आणि संध्याकाळी कडूबाई बाहेर आली. भजी तिनं खाल्ली नाहीत, पुडीत बांधून घेतली. तुळजापूरला जायचं का विचारलं, तर स्टँडवरच तुळजापूरच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाली की आई, लेकीचं उरकू दे, मग येते. सोनारीकडे जाणारी परंड्याची गाडी लागलेलीच होती. पाडव्याला समृद्धीला मुलगी झाली. शेजारणीनं मला फोन केला, मागं कडूबाई मोठ्यानं काहीतरी सांगत होती, ते मला बाळाच्या रडण्यापायी ऐकू आलं नाही.

मामींना नमस्कार. मामांनी आता माझ्यावर थोडं जास्तच प्रेम करावं, लेखी खुलासा मागू नये.

अश्लेषा


तुळजापूर,
सोमवार, २७ ऑक्टोबर

चि. अश्लेषा हिस आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचे आहे, म्हणून थोडक्यात.

संस्थेत अकरावा ठराव नाही. ठराव सारे मीच लिहिले, दहाच आहेत. तुझे पत्र उघडताच कळले. कल्याणप्पांस विचारले, तर ते त्या सकाळी बँकेत गेलेच नव्हते. तरी मी गेलो. नियम खोटा होता, सांगणारीचा जीव खरा होता.

पण खोटा नियम कागदावर राहू देणे मला जमणार नाही. म्हणून अकरावा ठराव लिहिला आहे. मागली तारीख घालीत नाही, आजचीच आहे. बारावाही लिहिला आहे. सुटलेल्या माणसाने कोठूनही कोठे जाताना तुळजापूर गाठले, तर ते वाटेतच समजावे.

कडूबाई काल लेक-नातीसह आली होती. बाळंतिणीस इतक्या लवकर एसटीत बसविले म्हणून मी रागावलो. तिने नात माझ्या हातात दिली. हात कापतात म्हटले, तर म्हणाली की कापू द्या, तिला झोप लागंल. लागली.

दोन्ही ठरावांवर तुझी सही हवी. लोभ किती आहे ते विचारू नये, पोटभर आहे. अक्षर लागत नसल्यास हरकत लेखी घ्यावी.

दत्तूमामा