उरलेल्या गोळ्यांच्या कुकीज

४ मार्च, मंगळवार

गोळ्या संपत नाहीत! थंडीच्या सुट्टीत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आणून टाकलेल्या — पट्ट्यापट्ट्यांच्या, टॉफ्या, सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. डबा भरलेला तसाच. आमच्या घरात गोड कुणी खात नाही आणि गोड कुणी बोलतही नाही. मग हा माल जायचा कुठे?

आज बाईसाहेब त्या डब्यापाशी उभ्या. बाईसाहेब म्हणजे नवऱ्याची लेक, वय वर्षं बारा. मी या घरात लग्न करून आले त्याला वर्ष होत आलं, पण मला हाक मारायची वेळच ती येऊ देत नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते.

म्हणाली, “आई उरलेल्या गोळ्यांच्या कुकीज करायची. थंडी गेली की. फुलांच्या आकाराच्या.”

“करू या?”

तिने खांदे उडवले. म्हणजे हो की नको? दर आठवड्याला वर्तमानपत्रात जगाच्या मनातलं ओळखून त्याची टर उडवते मी. आणि दोन एवढ्याशा खांद्यांचा अर्थ लागेना.

६ मार्च

तिच्या आजीचा फोन. आईची आई. “पोर माझ्याकडेच राहू दे आता. तुम्हालाही मोकळं.” रविवारी येणार, आणि ती तयार असेल तर घेऊनच जाणार.

नवरा म्हणतो, “तिचं ती ठरवेल.” हा माणूस भूकंपातसुद्धा म्हणेल, पडायचं की नाही ते भिंतीचं भिंत ठरवेल.

मी काय म्हणायचं? आई गेलेल्या मुलीला सख्खी आजी बोलावतेय. मी मधे कोण? पण तिने जाऊ नये असं वाटतंय. का वाटतंय? बोलत नाही, हसत नाही, टॉवेल ओला टाकते!

७ मार्च

कुकीज करून तिला थांबवायचं — हा माझा बेत. या वयात, इतक्या अनुभवानंतर, हा!

नवऱ्याला विचारलं, कशा असायच्या? “पातळ. कुरकुरीत. मधेच मिठाची कणी लागायची. गोळीबिळी काही नसायची.”

नसायची? मग आख्ख्या प्रकाराला उरलेल्या गोळ्यांच्या कुकीज का म्हणायचं?

“मला आठवतं ते सांगितलं.”

बाईसाहेबांना विचारलं. “मधे लाल काच असायची. डोळ्यापुढे धरली की सगळी खोली लाल.”

शेवटी लाज सोडून आजींना फोन. “छे! कसली काच? लोण्यासारख्या मऊ. वर चॉकलेट. अहो, माझे दात उरलेत कुठे कडक खायला?”

एक बाई, एक ओव्हन. तीन साक्षीदार. तिघंही शपथेवर बोलल्यासारखे ठाम. यातलं कोण खोटं बोलतंय? की मीच चुकीचं विचारतेय?

८ मार्च

पहिल्या ट्रेमधली फुलं वितळून एकमेकांत गेली. फुलं कसली, एक खंड तयार झाला. समुद्रकिनाऱ्यासकट.

दुसऱ्या वेळी पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवलं. वाटीने गोल कापले, कडेला पाकळ्या दाबल्या, मधे बाटलीच्या झाकणाने भोक. लाल गोळ्या कुटून त्यात भरल्या. ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले — आणि वितळल्या की! काच झाली! लाल, आरपार! एकटीच टाळ्या वाजवल्या.

नवऱ्याने एक खाल्ली. मग म्हणाला, “नाक मोकळं झालं.”

लाल गोळ्या खोकल्याच्या होत्या. जानेवारीत घसा धरला तेव्हा मीच ओतल्या होत्या त्या डब्यात.

बाईसाहेब तोंड फिरवून पळाल्या. खांदे हलत होते. हसत होती की रडत? मागून कळलं नाही.

मागोमाग गेले, तर खोलीत बॅग उघडी. निम्मी भरलेली. तशीच परतले.

९ मार्च, रविवार

आज तिघांचं ऐकून एकच कुकी केली. कडेने पातळ, पोटात मऊ, मधे काच, वर चॉकलेट, त्यावर मीठ. समितीने केलेल्या कामासारखी झाली. कुणालाच आपली वाटेना.

आजी म्हणाल्या, “काच काढा हो, टाळूला टोचते.” नवरा म्हणाला, “चॉकलेट कधीच नसायचं.” आजी म्हणाल्या, “जावईबापू, माझी लेक होती ती.” नवरा म्हणाला, “माझी बायको होती.” मी उठून चहा टाकायला निघाले. या खटल्यात मला जागाच नव्हती.

तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, “आई तीन ट्रे लावायची.”

ती बोटांवर मोजू लागली.

“बाबाच्या वेगळ्या. आजीच्या वेगळ्या, त्या ती डब्यात घालून पाठवायची. माझ्या वेगळ्या.”

“अगं, मग मला सांगितलं का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तू सगळ्यांना विचारत होतीस, कशा असायच्या. मी माझ्या सांगितल्या.”

तेही खरंच. मी तिथेच दारात उभी. आणि तोंडातून निघून गेलं, “आणि ती स्वतः कुठल्या खायची?”

नवऱ्याने आजींकडे पाहिलं. आजींनी नातीकडे. नातीने ट्रेकडे. कुणालाच माहीत नाही! मी खरंच भांडण लावायला विचारलं नव्हतं. आजी चष्मा काढून पुसत बसल्या, कितीतरी वेळ.

संध्याकाळी त्या निघाल्या. बाईसाहेब बॅग घेऊन बरोबर. दारात माझ्यासमोर येऊन उभी राहिली नेहमीसारखी, पण काही मागितलं नाही. मग गेली.

१० मार्च

न्हाणीघरात टॉवेल कोरडा.

११ मार्च

नवरा म्हणतो, राहून तर बघू दे. किती दिवस बघू दे? तो म्हणतो, तिचं ती —. मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. लेख लिहायला बसले. चार ओळी खोडल्या. कुणाची टर उडवायची तेच सुचेना.

१३ मार्च

आत्ता तिचा फोन. “ऐक ना, आजीला तिच्या त्या मऊ करून दिल्या. पाच खाल्ल्या तिने, रडली पण. मी शनिवारी येतेय, बॅग घेऊन. आजीला सांगितलं, सुट्टीत येत जाईन. बाबाच्या येताना करून आणते. तुझ्या कशा करू?”

म्हटलं, “माझ्या? कशाही चालतील गं.”

“असं नाही. आईपण कशाही म्हणायची. तू नीट विचार करून सांग. मी फोन धरते.”