पुलावरची अकरा मिनिटं

७ जानेवारी
स्टुडिओतून फोन. तीस वर्षांपूर्वीचा माझा सिनेमा ते साफसूफ करून पुन्हा काढणार आहेत, आणि या खेपेला माझ्या मनासारखा. 'डायरेक्टर्स कट'! देव आहे. बायकोला सांगायला धावलो, तर म्हणाली, आधी गॅस बंद करा, दूध उतू चाललंय.
संकल्प: रोज सहाला उठायचं. मनात कुणाबद्दल कडवटपणा ठेवायचा नाही. ताईला दाखवून द्यायचं.

८ जानेवारी, सकाळी साडेनऊ
आत्ताच उठलो. थंडी फार.
ताईचं म्हणजे असं. थोरली बहीण, आणि त्या सिनेमाची एडिटर. नायक पुलावर नायिकेपुढे मन मोकळं करतो तो माझा सीन अकरा मिनिटांचा होता. ताईने तो चारवर आणला. निर्मात्याने तिची पाठ थोपटली, सिनेमा तरीही आपटला. कुणामुळे, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. म्हणजे ती फोन करते, बायको घेते, मी बाल्कनीत जातो.

१९ जानेवारी
स्टुडिओच्या तळघरात डबे उघडले. जुन्या फिल्मला आंबूस वास येतो. माझे डोळे भरून आले, ते वासाने. अकराच्या अकरा मिनिटं शाबूत!
एकेक फ्रेम धुऊनपुसून काढणारी मुलगी चष्मेवाली आहे, सिनेमापेक्षा वयाने लहान. तिने भलत्याच शॉटबद्दल विचारलं. नायिका कठड्याला टेकून एक चप्पल काढते आणि घोटा चोळत बसते, तो. म्हणे तो बघूनच ती या लाइनीत आली. मी तिला समजावलं की तो शॉटच नाही. मी 'कट' म्हटल्यावर कॅमेरा चुकून चालू राहिला होता आणि बाई आपला दुखरा पाय चोळत होत्या. ताईने तो कचऱ्यातून उचलून सिनेमात घातला. आता ती चूक निस्तरणार.
चष्मेवाली चष्मा काढून पुसत बसली. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
ताईच्या मुलीचा फोन. बायको आंघोळीला, नाइलाजाने घेतला. ताईला काचबिंदू आहे, नजर भराभर चालली आहे. मामा, तिला दिसतंय तोवर एकदा येऊन जा, म्हणाली. मी म्हटलं, ऑपरेशन करून टाका, हल्ली सकाळी जाऊन दुपारी घरी येतात. ती म्हणाली, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.
डॉक्टर लोक घाबरवतातच. तरी जाणार. नक्की जाणार. पण हात हलवत कसा जाऊ? कट तयार झाला की घेऊनच जातो. आपल्या डोळ्यांनी बघू दे एकदा.

२४ फेब्रुवारी
कट तयार. तीन तास चार मिनिटं. चप्पल काढून टाकली, पूल पुरा केला. बायकोला दाखवला. पुलावर ती डोळे मिटून तल्लीन झाली. घोरणं म्हणता येणार नाही, श्वास जरा मोठा होता इतकंच.

९ मार्च
भाचीचा पुन्हा फोन. ताईला आता खिडकीचा उजेड कळतो आणि माणसं सावल्यांसारखी दिसतात. सिनेमाचं राहू दे मामा, नुसता ये, म्हणाली. रडत होती. मलाही वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. शनिवारच्या बसचं तिकीट काढलं.

१३ मार्च
तिकीट रद्द केलं. पुलाखालच्या पाण्याचा आवाज पातळ वाटतोय. असा अर्धवट माल ताईपुढे नेला तर ती नेमकं तिथेच बोट ठेवेल, मी तिला ओळखून आहे. बायको म्हणाली, "अहो, पाणी कुठे पळून जातंय?" तिला साउंडमधलं कळत नाही.

२८ मार्च
निवडक लोकांना ट्रायल दाखवली. पुलावर सातआठजण उठून बाहेर गेले. हॉलमध्ये उकडत होतंच. संपल्यावर स्टुडिओच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, चप्पल कुठे गेली? मग दुसऱ्याने विचारला. मग चहावाल्याने.
लोकांची अभिरुची घसरली आहे. ताईकडे पुढच्या आठवड्यात.

६ एप्रिल
स्टुडिओचा निर्णय आला. थिएटरात ताईचाच जुना कट लागणार, धुऊनपुसून. माझा कट डिस्कवर, 'इतर' असं बटण दाबलं की येईल. म्हणजे खास दर्दी रसिकांसाठी राखून ठेवलाय. मी आनंदाने होकार दिला. मग दिवसभर पडून राहिलो. पित्त झालं होतं.

१७ एप्रिल, दुपार, बस स्टँड
जाऊन आलो एकदाचा.
ताई खुर्चीत बसली होती. मी दारात उभा, आणि ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आलास?" सावल्याही गेल्यात. भाची म्हणाली, पंधरवडा झाला.
तरी लॅपटॉप उघडला. एवढा नेला होता. ताईने सबंध ऐकला, जागची न हलता. पूल आला. थोड्या वेळाने म्हणाली, "इथे संपलं बघ." बरोबर तिथेच, जिथे ट्रायलला पहिला माणूस उठला होता. मग म्हणाली, "चप्पल काढल्याचा आवाज आला नाही रे."
काढला तो शॉट, म्हटलं.
"त्यात तुझा आवाज होता," ताई म्हणाली. "'कट' म्हणालास तो. इतका दमलेला. पुसायचं जिवावर आलं होतं माझ्या."
मी लॅपटॉप मिटला. आता न बघता दिलेलं मत किती मनावर घ्यायचं? कट हा डोळ्यांनी बघायचा असतो.
निघताना तिने विचारलं, "कसा दिसतोस आता?"
"होतो तसाच," म्हटलं. टक्कल, कवळी, पोट, यातलं काही सांगितलं नाही.
रस्त्यावर येऊन वळून पाहिलं. ताई दारात उभी राहून हात हलवत होती, पण भलत्याच बाजूला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानाकडे. मी रस्ता ओलांडून त्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो आणि ती आत जाईपर्यंत हात हलवत होतो.
बस चुकली.